वडीत सांबार नाही

हात धुवायच्या बेसिनजवळचं टेबल कुठल्याही हॉटेलात कुणाला नको असतं. शिंतोडे उडतात, चुळांचे आवाज येतात, आणि जेवताना पाठीमागे सतत कुणीतरी उभं असतं. आमच्या हॉटेलात ते टेबल मला मिळालं. 'आमच्या' हे आपलं सवयीने म्हणतो. हॉटेल माझ्या बायकोचं आणि आमच्या शेजारणीचं आहे. माझा वाटा म्हणजे एक खुर्ची आणि दोन कान.

काम सोपं होतं. गल्ल्यावर शेजारीण बसते. तिच्यासमोर सगळे "मस्त होतं" म्हणतात आणि बडीशेप घेऊन निघतात. खरं बोलतात ते बेसिनपाशी, भिंतीकडे तोंड करून. तिथे नवरा बायकोला विचारतो, "रस्सा पाणचट नाही वाटला तुले?" आणि बायको म्हणते, "घरी तर रोज पाणचटच खाता, तवा नाही बोलत." हे सगळं मी ऐकायचं, आणि दुपारी साडेतीनच्या सुमारास, शेवटचं ताट उचललं गेलं की, चहा घेता घेता बायकोला सांगायचं. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. निवृत्तीनंतर दुसऱ्यांचे शेरे गोळा करायचं काम नशिबी आलं.

हे काम तिने मला का दिलं ते आधी सांगायला हवं, कारण आम्हा दोघांशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या बायकोला वास येत नाही. कोरोनात आम्ही दोघंही आजारी पडलो. माझं नाक पंधरा दिवसांत ताळ्यावर आलं, तिचं आलंच नाही. डॉक्टर झाले, थेंब झाले, कुणी सांगितलं म्हणून रोज सकाळी लवंग आणि कापूर हुंगून झाला. जिभेला मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट तर चांगलंच कळतं. पण तूप आणि तेल यांत तिला आता फक्त दाटपणाचा फरक कळतो. जिच्या हातच्या वडाभातासाठी माझ्या ऑफिसातले लोक काहीबाही निमित्त काढून शनिवारी घरी टपकायचे, तिला कढत तेलातल्या हिंगाचा वास येईनासा झाला.

चार वर्षं ती घरी तशीच रांधत राहिली. मग शेजारणीच्या घराखालचं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं. रस्ता मिहानच्या कंपन्यांकडे जाणारा, दुपारी ऑफिसांतली पोरंपोरी डबा शोधत फिरत असतात. शेजारीण म्हणाली, "तू फक्त सैपाक पाहा, बाकीचं मी पाहते." माझ्या बायकोने एका दिवसात हो म्हणून टाकलं. मी चाट पडलो. नाक नसलेल्या बाईने हॉटेल काढायचं म्हणजे आंधळ्याने चष्म्याचं दुकान टाकण्यातली गत. मी तिला म्हटलं, निदान शेजारणीला तरी सांग. ती म्हणाली, "कोणालेच सांगायचं नाही. मी डोळ्यानं रांधते."

आणि ती खरंच डोळ्याने रांधायची, थोडं कानाने. मोहरीचा तडतडाट किती थांबला की जिरं टाकायचं, कांदा कुठल्या रंगावर आला की मसाला घालायचा, रश्शाच्या कडेला तेल कधी सुटतं, हे तिला पाठ होतं. भिवापुरी मिरची तर नुसत्या रंगावरून ओळखायची. हॉटेल दिवाळीनंतर सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात दहाही टेबलं भरायला लागली. मी बेसिनजवळ बसून नागपूरकरांना जेवताना पाहू लागलो. हा उद्योग मी आयुष्यात कधी केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तो फार आनंदाचा नाही.

आमच्या लोकांना चांगलं म्हणायची चोरी आहे. एक गृहस्थ पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा तीनदा मागून घेत, टक्कल पुसत, नाक ओढत जेवले आणि बेसिनपाशी येऊन मित्राला म्हणाले, "चालते." ही आमच्याकडची वरची श्रेणी. त्याच्या खाली "ठीक आहे", आणि त्याच्याही खाली "जागा चांगली आहे". जागा चांगली आहे असं कुणी म्हणालं की समजावं, जेवणाचं काही खरं नाही. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या चार निवृत्तांचं टोळकं दर मंगळवारी यायचं. त्यांना प्रत्येक घासाला कुठल्या तरी लग्नातली पंगत आठवायची. त्यांच्या त्या पंगतींतले आचारी सगळे मरून गेले होते, तेव्हा ताडून पाहायची सोय नव्हती. एक मुलगी ताटाचे फोटो काढता काढता भाकर गार करायची आणि मग भाकर गार आहे म्हणायची. एक जण बेसिनपाशी फोनवर कुणाला तरी सांगत होता, "अगदी घरच्यासारखं आहे. घरच्यासारखंच खायचं होतं तर घरीच नसतो का जेवलो?" हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारीण गल्ल्यावरून उठून पाहायला आली.

एक कुटुंब मात्र मला आवडलं. नवरा, बायको आणि सासू, दर रविवारी. पूर्ण जेवणात एक अक्षर नाही. हात धुताना नाही. जाताना नवरा शेजारणीकडे पाहून म्हणायचा, "येतो." निरोपाचं 'येतो' की पुढच्या रविवारी 'येतो', याचा खुलासा पुढच्या रविवारीच व्हायचा.

सांबारवडीचा घोळ पहिल्याच दिवशी झाला होता. फळ्यावर शेजारणीने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: सांबारवडी, सोबत कढी. आता आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भाजीवाली विचारते, "सांबार टाकू का?" तेव्हा ती दोन काड्या कोथिंबीर टाकू का असं विचारत असते. बेसनाच्या पातळ पोळीत कोथिंबीर, सुकं खोबरं, खसखस, हिरवी मिरची भरून, घडी घालून तळलेली ती सांबारवडी. हिवाळ्यात ती ज्या घरात होत नाही त्या घराला मी तरी नागपूरचं म्हणणार नाही. पण मिहानमधली निम्मी पोरं बाहेरची. पुण्याचं एक जोडपं वडी समोर ठेवून दहा मिनिटं बसून राहिलं आणि मग मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, याच्याबरोबरचं सांबार यायचंय अजून." त्यांना डाळीचं, शेवग्याच्या शेंगांचं सांबार हवं होतं. मी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूहून आलेल्या तिघांना समजावलं. पुढे पुढे मला ते भाषण पाठ झालं आणि ते देताना तोंडावर आणायचं एक हसूही ठरून गेलं.

शेजारणीने दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती, दोरीने पेन बांधून. ती वाचायचं कामही माझ्याकडेच. त्यात बाहेरच्यांनी लिहिलेलं असायचं: सांबार मिळाले नाही. सांबारवडीसोबत सांबार द्यावे. कढीऐवजी सांबार चालेल. असे शेरे मी मनातल्या मनात दप्तरी दाखल करून टाकायचो. कचेरीत ज्या कागदाचं पुढे काही करायचं नसतं त्यावर हेच दोन शब्द लिहितात, आणि त्यासारखं समाधान दुसऱ्या कशात नसतं. बायकोने दुपारी विचारलं, "वहीत काय?" तर मी म्हणायचो, "दोन सांबारवाले." ती हसायची आणि विषय संपायचा.

त्या शेऱ्यांत एक होता, सुवाच्य, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ: "वडीत सांबार नाही." पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच अक्षरात: "वडीत सांबार नाही." तिसऱ्या गुरुवारी खाली रेघ मारून. मला मजा वाटली. पुण्याचा कोण हा चिकट माणूस, दर गुरुवारी येतो, वडी खातो, डाळ मिळाली नाही म्हणून रुसून जातो. तिन्ही दप्तरी दाखल.

आता एक गोष्ट कबूल करतो. वडीत काहीतरी नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सकाळी अकराला पहिला घाणा निघाला की एक वडी माझ्या टेबलावर यायची. मी खायचो. खुसखुशीत असायची, तिखटमीठ बरोबर असायचं, आणि घशाखाली उतरली की मागे काही उरायचं नाही. खोबरंही दोनतीनदा करपलेलं लागलं. वडाभातावरच्या तेलात हिंग कच्चा राहायचा. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारायची, "कसं झालं?" आणि मी म्हणायचो, "ठीक आहे."

आमच्या घरात अन्नाला नाव ठेवायची पद्धत नव्हती. वडील ताटावर मान खाली घालून जेवायचे. कधी भाजीत मीठ राहिलं तर गुपचूप चिमूटभर घ्यायचे, तेही आईची पाठ वळल्यावर. चांगलं म्हणायचं नाही, कारण मग काल चांगलं नव्हतं असा अर्थ होतो. वाईट म्हणायचं नाही, कारण अन्न पूर्णब्रह्म. त्यामुळे मी 'ठीक आहे'मध्ये वाढलो. पण हॉटेलात मी गप्प होतो ते या संस्कारामुळे, असं म्हणणं लबाडीचं होईल. मी भ्यालो होतो. नाक गेल्यावर या बाईचं काय झालं होतं ते मी पाहिलं होतं. कढईसमोर उभी राहून ती झाकण काढायची आणि वाफ तोंडावर घेऊन तशीच उभी राहायची, कुणीतरी आतून ओ देईल म्हणून वाट पाहत असल्यासारखी. हॉटेल सुरू झाल्यापासून ती सकाळी सहाला उठून गडबड करत होती, भाजीवाल्याशी भांडत होती, माझ्यावर खेकसत होती. तिला सांगितलं असतं की वडीत जीव नाही, तर तिने त्या दिवशी कुलूप लावलं असतं अशी माझी खात्री होती. म्हणून लोकांचे बोचरे शेरेही मी गाळून सांगायचो. मीठ जास्त झालं, रस्सा पातळ आहे, एवढं सांगायचो. ते तिला सुधारता येत होतं. वासाचं काही निघालं की गिळून टाकायचो.

चौथ्या गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास एक बाई माझ्या टेबलापाशी येऊन थांबल्या. सत्तरीच्या आतबाहेर असतील. सुती साडी, वर स्वेटर, पायात खेळाडूंचे बूट. हात धुवून झाले होते, ते रुमालाने एकेक बोट करून पुसत होत्या.

"वही कोण वाचते जी इथली?"

"मी."

"मंग मी तीनदा लिहिलं, ते नाही वाचलं?"

"काय लिहिलं होतं?"

"वडीत सांबार नाही."

मी ते ठरलेलं हसू तोंडावर आणलं. "बाई, त्याचं असं आहे, आमच्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. तुम्ही बाहेरून आलेले दिसता..."

"बाप्पा!" बाईंनी रुमाल खाली केला. "मले सांगून राहिले? महालात जन्मली मी. शाळेत मराठी शिकवून रिटायर झाली. वडीसोबत सांबार नाही, असं नाही लिहिलं मी. वडीत लिहिलं. वडीत. सप्तमी आहे ते. त, ई, आ. शिकले होते का नाही तुम्ही?"

शिकलो होतो. एका वेलांटीसाठी मी लोकांचे अर्ज परत पाठवले आहेत. आणि तीन आठवडे एक सप्तमीचा प्रत्यय माझ्या डोळ्यांसमोर होता, दुसऱ्या वेळी त्याच अक्षरात आणि तिसऱ्या वेळी खाली रेघ मारून.

"हिरवं आहे," बाई म्हणाल्या. "भरपूर आहे, बारीक चिरलं आहे, सगळं आहे. पण सांबार नाही. डोळे मिटून खाल्लं तर पालक म्हणून खपन. बाकी हात चांगला आहे हो बाईचा. म्हणून तर येऊन राहिली मी, नाही तर काहून आली असती?"

तेवढ्यात ताटं द्यायच्या खिडकीतून माझ्या बायकोचा आवाज आला. "काय झालं बाई?"

"काही नाही वं," मी घाईने म्हणालो. "बाईले कढी पाहिजे होती."

"कढी नको मले," बाई म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्याला तोंडावर पाडायची त्यांना चाळीस वर्षांची सवय असणार.

बायको हात पुसत बाहेर आली. तिने ते सगळं ऐकलं होतं, माझं कढीचंही. ती माझ्याकडे न पाहता बाईंपुढे उभी राहिली.

"सांबारले वासच नाही?"

"अजिबात नाही."

"कवापासून?"

"मी येऊन राहिली तवापासून."

तीन टेबलांवर लोक जेवत होते, त्यांत मिहानची चारपाच पोरं होती. शेजारीण गल्ल्यावर नोटांचं बंडल हातात धरून थांबली होती. मी बेसिनच्या नळाकडे पाहत होतो. आता हे सगळं बुडणार असं मला वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे, मी वाचवायला धडपडत होतो ते माझ्यामुळेच बुडणार असं वाटलं.

"मले वास येत नाही," माझी बायको म्हणाली. आवाज खाली आणला नाही. "कोरोनात गेला. सांबार मी पाहून घेते, जो चांगला दिसते तो."

भाकरी मोडायचे आवाज थांबले. शेजारीण उठून उभी राहिली. "काय वं? आणि मले सांगतलं नाही?" तिला नाकाचं दुःख होतं की न सांगितल्याचं, ते कळायला मार्ग नव्हता, माझ्या मते न सांगितल्याचं जास्त होतं.

बाई मात्र विचारात पडल्या होत्या. अवघड गणित फळ्यावर आलं की मास्तरीण पडते तशा. "मंग चाखते कोण?"

"हे."

बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय म्हणतात?"

"ठीक आहे म्हणतात," बायको म्हणाली.

गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे पाहावं तसं बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मग मिहानच्या पोरांतला एक, तोच पुण्याचा, म्हणाला, "काकू, पण रस्सा एकदम भारी आहे हं." आणि त्याच्या शेजारच्याने अजून एक भाकर मागितली. आवाज पुन्हा सुरू झाले. इतके दिवस ज्याची मी धास्ती घेतली होती ते होऊन गेलं होतं, आणि लोक जेवत होते. बाईंनी बडीशेप घेतली, शेजारणीला "येते" म्हटलं, आणि दारातून वळून माझ्या बायकोला सांगितलं, "लहान पानाचा घे. दिसाले गरीब दिसते, पण त्याच्यात असते."

साडेतीनला चहा झाला नाही. बायकोने चष्मा लावला, वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मी समोर बसलो. ती घाईने वाचत नाही, एकेक शब्द ओठांनी म्हणते. सगळी पानं झाल्यावर तिने विचारलं, "बेसिनपाशी काय काय ऐकलं? जे सांगतलं नाही, ते."

मी सांगितलं. हिंग, खोबरं, एकदा तूप जुनं लागलं ते. एका बाईने सुनेला म्हटलं होतं, 'सगळं आहे पण काहीच नाही', तेही सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती ऐकत राहिली आणि मधेच विचारत राहिली, "कोणत्या दिवशी? त्या दिवशी तेल नवीन होतं का?" शेवटी वही मिटून म्हणाली, "उद्या माझ्यासंग बाजारात चला."

सकाळी बाजारात कोथिंबिरीचे ढीग होते. तिने सवयीने सगळ्यात देखणी जुडी उचलली. रुंद पानं, हिरवीगार, पाणी शिंपडलेली. तिने ती माझ्या नाकापुढे धरली. मी हुंगली. ओल्या गोणपाटाचा वास येत होता, दुसरा काही नाही.

"याले नाही," मी म्हणालो.

दुसरी जुडी. "याले थोडा आहे."

"थोडा म्हणजे?"

थोडा म्हणजे काय ते मला सांगता येईना. तिने तीही ठेवली. भाजीवाली कंटाळली. "सांबार घ्यायचा आहे का अत्तर? एवढं हुंगून कोणी घेते का?"

"आमच्या घरी नाक यायलेच आहे," माझ्याकडे बोट करून माझी बायको तिला म्हणाली. "त्यायले पाहू दे."

मागे पोत्यावर एक जुडी पडली होती. पानं बारीक, दांड्या लालसर, मुळांना माती. मी उचलली आणि जवळ न्यायच्या आधीच वास आला. काय सांगू? मला एकदम भूक लागली. मी मान हलवली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि तसल्या पंधरा जुड्या मागितल्या.

दहा वाजता स्वयंपाकघरात कोथिंबीर चिरून झाली. तिने कढई ठेवली, किसलेलं सुकं खोबरं टाकलं आणि मला गॅसपाशी उभं केलं. हॉटेल सुरू झाल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"मी रंगावर भाजते," ती म्हणाली. "या ट्यूबलाइटात रंग समजत नाही. उतरवायचं कवा ते तुम्ही सांगा."

ती उलथन्याने खोबरं हलवत राहिली. मी उभा राहिलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुमाले माहीत होतं."

"हाव."

"पहिल्या दिवसापासून?"

"हाव."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तू बंद करशीन म्हणून," मी म्हणालो. "भेव वाटलं मले."

उलथनं थांबलं नाही. "घरी चार वर्षं विचारून राहिली मी तुमाले. कसं झालं, कसं झालं. तुम्ही एक दिवस नाही सांगतलं. म्हणून तर हॉटेल काढलं. म्हटलं, परके तरी सांगतीन."

मी कढईवर वाकलो. खोबऱ्याचा कच्चा वास गेला होता आणि गोडसर, तेलकट वास वर येत होता. तो वाढत गेला. मग त्याच्या खालून काहीतरी जरासं कडवट सुरू झालं. खोबरं अजून पांढरंच दिसत होतं.

"उतरव," मी म्हणालो.

"अजून रंग कुठी आला?"

"उतरव. जळते."

कढईकडे न पाहता तिने गॅस बंद केला.